पमाला गाडीत बसू द्या

गोष्ट लिहायला घेतली की गोष्ट राहते बाजूला आणि लिहितानाच्या भानगडीच साठत जातात. माझ्याकडे तर त्या इतक्या साठल्यात, की कुणी गोष्ट वाचायला मागितली तरी मी आधी ह्याच सांगत बसते.

तर, सांगलीच्या शर्मिलाताई आणि फलटणची मी, आम्ही दोघी मिळून एक गोष्ट लिहितो. एका ऑनलाइन लेखनवर्गात आमची जोडी लावली होती. वर्ग संपला, जोडी राहिली. त्यांचं पात्र अक्का, माझं पात्र पमा. दोघी बहिणी. पमाचा नवरा वारलाय आणि लहान बाळ घेऊन ती अक्काकडे राहायला आलीय. अक्का काय बोलते ते ताई व्हॉट्सॲपवर लिहितात, त्यावर पमा काय करते ते मी. मग पुन्हा ताई. याला रोलप्ले म्हणतात. नवऱ्याला हा शब्द सांगितला तेव्हा त्यानं आधी आपल्या आईकडे बघितलं आणि मग टीव्हीचा आवाज वाढवला!

नियम एकच. आपलं पात्र आपण हलवायचं, दुसरीच्या पात्राला हात लावायचा नाही.

हा नियम मला जिवापाड महत्त्वाचा. घरात भाजी कुठली हे सासूबाई ठरवतात, मुलीला टोपरं घालायचं की नाही हेही त्याच. मुलीचं नाव तिच्या आत्यानं ठरवलं. मला ते पाळण्यापाशी उभं राहून सगळ्यांबरोबर कळलं. पमाचं नाव मात्र मी ठेवलंय. दुपारी मुलगी झोपते, तेवढ्या वेळात मी जे काय ठरवते ते पमाच्याच बाबतीत. बाकी दिवसभर हो म्हणते.

* * *

एकदा फोन ओट्यावर ठेवून मी मुलीला आंघोळ घालत होते. स्क्रीनवर ताईंचा मेसेज आला, 'तुझा नवरा गेला तो गेला. आता रडत बसू नकोस. दोन घास खाऊन घे.'

सासूबाईंना वाचता येतं. त्यांनी जो हंबरडा फोडला, शेजारच्या दोन घरांतली माणसं धावत आली! नवरा साखर कारखान्यात, लॅबमध्ये. कुणीतरी त्याला फोन लावला. तिकडून मशिनच्या आवाजातून तो ओरडला, "आई, मी रस तपासतोय! काय झालं?"

"मग मेलंय कोन?" सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"पमाचा नवरा."

"कोन पमा?"

"खरी नाहीये ती."

"खरी न्हाई! आन् तिच्या नवऱ्यापायी माझा जीव चालला हुता व्हय!"

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी लसूण सोलता सोलता त्यांनीच विचारलं, "कशानं गेला गं बिचारा?"

मी म्हटलं, तापानं. मी तापानंच मारला होता. ताईंनी त्याला परस्पर विहिरीत ढकललं होतं, हे सासूबाईंना सांगवेना.

* * *

ताई जैन. दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. त्यामुळे आमच्या गोष्टीत अख्खं गाव उजेडी जेवून मोकळं होतं! पण एकदा मी जत्रा आणली. जत्रा म्हटल्यावर मटण आलंच. ताईंचा लगेच मेसेज, 'मटण तू शिजव, तूच वाढ. मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून लिहीन.'

मी विचारलं, 'आणि भांडी?'

'भांडीपण तूच घास.'

झालं. ना सॉरी, ना 'राग मानू नकोस हं'. मी तो मेसेज कितीदा तरी वाचला. लोकांना हे जमतं कसं? मला सासूबाईंनी नको असताना भाकरी वाढली, तर मी ती वाटीमागे सरकवते आणि त्या उठायची वाट बघते.

* * *

मग ताईंनी पमाच्या बाळाला ताप आणला. गोष्टीतच. पण त्या दुपारी मी झोपलेल्या माझ्या मुलीच्या काखेत पुन्हा पुन्हा थर्मामीटर लावत राहिले. शेवटी ती उठली आणि रडून रडून खरंच गरम लागायला लागली. मग मीही रडले.

धीर करून कळवलं, 'ताई, बाळाला काही करायचं नाही. प्लीज. सॉरी.'

ताईंनी माझं ऐकलं. पुढच्याच प्रसंगात वादळ आलं, पत्रे उडाले, भिंत पडली, अक्काचा हात मोडला, म्हैस दगावली. आणि शेवटची ओळ, 'बाळ मात्र पाळण्यात हसत होतं.'

* * *

यानंतर मी ठरवलं की पमानं जायचं. म्हसवडला बालवाडीत तिला नोकरी दिली, खोली बघून दिली. लिहिलं, 'पमा बाळाला घेऊन एसटीत बसली.'

ताईंनी लिहिलं, 'एसटी पंक्चर झाली. पमा परत आली.'

मी तिला दुसऱ्या गाडीत बसवलं. गाडीसमोर उसाची ट्रॉली उलटली, पमा परत. जीपमध्ये बसवलं, तर जीपवाला अक्काचाच दीर निघाला आणि त्यानं गाडी वळवली! शेवटी मी तिला चालत पाठवलं. वेशीपाशी तिचा पाय मुरगळला.

नवरा म्हणाला, "सरळ फोन कर की त्यांना."

केला. "ताई, पाय माझ्या पमाचा आहे. तो तुम्ही कसा मुरगळता?"

"अगं, मी कुठं मुरगळला? दगड होता तिथं."

"दगड कुणी ठेवला?"

फोनवर ताईंच्या मागे घरात कसलाच आवाज नव्हता, नुसता पंखा. त्यांची दोन्ही मुलं बेंगळुरूला आणि साहेब दिवसभर दुकानात, एवढं मला माहीत होतं.

"ती गेली तर अक्का बोलणार कुणाशी?" त्या म्हणाल्या.

यावर मी सॉरी म्हणाले. फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला. पमा त्या दिवशीही लंगडत अक्काच्या पडवीत बसून होती.

* * *

गेल्या आठवड्यात मुलगी झोपल्यावर मी लिहिलं, 'ताई, पमाचं मी ठरवणार. ती आज जाणार. तिला हात लावू नका.' सॉरी टाइप केलं, खोडलं. मग पुढची ओळ पाठवली, 'पमा म्हसवडच्या गाडीत बसली. खिडकीशी.'

निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी वरणात दोनदा मीठ घातलं. वाटलं, संपलं सगळं. एवढी एकच जागा होती, तीही मी स्वतःच्या हातानं घालवली. 'राहू दे, उतरवते पमाला' असं लिहायलाही घेतलं होतं.

काल दुपारी ताईंचा मेसेज आला. पंक्चर नाही, ट्रॉली नाही, दीर नाही. पमाबद्दल एक अक्षर नाही. एवढंच होतं,

'गाडी वळणाआड जाईपर्यंत अक्का स्टँडवर उभी होती. मग कॅन्टीनमध्ये जाऊन बाकावर बसली आणि तिनं दोन चहा सांगितले.'