मंडईच्या माळावरची घरं

रिकामी जागा पाहून ज्याचा जीव कासावीस होतो असा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. सानगडीजवळच्या एका गावाचे ते सरपंच. आमच्याकडे जेवायला आले की पाटावर बसण्याआधी अंगण पावलांनी मोजतात. "इथं दोन खोल्या आरामात निघतात ना जी! रिकामं काहून ठेवलं?" एका लग्नात सगळे अक्षता टाकत होते, तर हे मांडवाची लांबी-रुंदी न्याहाळत होते.

पण त्यांच्या गावच्या एका ग्रामसभेत माझ्या तोंडचं पाणी पळालं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, राहणाऱ्या मासेमार ढिवर कुटुंबांना घरकुलं मंजूर झाली होती, बांधायला हक्काची जागा मात्र नव्हती. सभेनं जागा दिली नाही तर मंजुरी रद्द होणार होती. पंचायतीकडे जागा एकच, मंडईचा माळ. दिवाळीनंतर तिथं मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, नाटकं होतात. म्हणजे गावाच्या काळजालाच हात!

"मंडई कुठं भरवाची मंग? तुमच्या डोक्यावर?" कुणीतरी ओरडलं. निम्मा गाव उठून उभा राहिला. ढिवरांच्या बाया कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. साडू ताडकन उठले. "मंडई माह्या वावरात भरवा! दरसाल!"

पण ते वावर साडूंचं नव्हतंच. सासऱ्यांनी ते त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीच्या नावे केलं होतं, आणि यांनी तिला विचारलंही नव्हतं. सगळ्या माना बायकांकडे वळल्या. मेव्हणी उठली. तिचा चेहरा पाहून मीच जमिनीकडे बघू लागलो.

"वावर माह्या नावचं हाय. मले कोणं इचारलं?"

साडू हळूच खाली बसले. मेव्हणीनं कोपऱ्यातल्या बायांकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

"लेकराइले घेऊन ह्या पाळीवर कवरिक दिस काढतील? करा हात वर. आन ह्या सरपंचाले मी घरी पाहून घेतो."

हात वर गेले. साडूंनी तर दोन्ही वर केले. नंतरचे काही दिवस त्यांनी मुक्काम आमच्याकडेच ठोकला, इतकंच सांगतो.

आता माळावर घरं उभी आहेत. परवा साडूंबरोबर गेलो होतो. एका दारापुढं जाळं वाळत होतं. तिथं थबकून साडू हळूच म्हणाले, "स्टेज इथंच राहे. मी पयल्यांदा उभा रायलो तो इथंच." उमेदीची सगळी वर्षं त्यांनी या माळावर नाटकांत कामं केली होती. सभेत मात्र त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"भाऊ, भायेर काहून उभे? आत या ना जी," आतून बाईनं हाक मारली.

ते चपला काढून आत गेले. मी थोडा वेळ बाहेरच थांबलो, कारण मला रडू येत होतं.