ताईच्या फोनची जोडी

बाबा अकोल्यात वारले तेव्हा माझी थोरली बहीण वेळेवर पोचली नाही. ती अमरावतीत दिलेली. एसटीनं दोन-अडीच तासांची वाट, तरी ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दारात पाऊल टाकलं तेव्हा अंत्यविधीची बुद्धवंदना संपत आली होती. नळाच्या पाइपासाठी खोदणाऱ्यांनी केबल तोडली, म्हणून ताईचा फोन बंद होता, असं आमच्या घरात आजवर सांगितलं जातं. ते मीच सांगितलं आणि ते खोटं आहे.

मी तेव्हा अमरावतीत टेलिफोनच्या लाइनवर कामाला होतो. त्या कामाचं मला भारी वेड. सायकलला शिडी बांधायची, कोपऱ्यावरची लोखंडी पेटी उघडायची, आत शेकडो रंगीत तारा. दोन तारांची एक जोडी म्हणजे एका घरचा फोन. हातातला रिसीव्हर जोडीला लावला की कळायचं, जिवंत आहे की मेली. लोक चहा पाजायचे, पोरं गोळा व्हायची. पावसाळ्यात जोड्या भराभर मरत आणि शिल्लक जोडी सापडत नसे. मग आम्ही लाइनवाले एक करायचो. ओळखीच्या घराची चांगली जोडी काढून, जास्त ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला द्यायची. ओळखीचं घर तक्रार करत नाही. त्यामुळे गावात सगळ्यात जास्त बंद असायचे ते लाइनवाल्यांच्या बहिणींचे आणि साडूंचे फोन.

कापसाच्या एका व्यापाऱ्याचा फोन बंद पडला. साहेब म्हणाले, आजच्या आज पाहिजे. मी ताईची जोडी काढून त्याला लावली. दोन दिवसांत परत करू म्हटलं. दुसऱ्याच दिवशी मला दूर जंगलातल्या धारणीला पाठवलं. तिकडे झाड पडून लाइन तुटली होती. ताईनं फोन बंद पाहिला, पण भाऊ आला की करेल म्हणून तक्रार नोंदवली नाही.

त्याच दुपारी अकोल्यात बाबांच्या छातीत कळ आली. आईनं शेजारच्या दुकानातून ताईला फोन लावला. मेलेल्या जोडीचं असं असतं, की लावणाऱ्याला घंटी जाताना ऐकू येते, पण त्या घरात काही वाजत नाही. आई संध्याकाळपर्यंत लावत राहिली. बाबा विचारत राहिले, "आली का?" शेवटी धाकट्या भावानं अमरावतीच्या एसटीच्या कंडक्टरजवळ ताईसाठी चिठ्ठी दिली, आणि रात्री बाबा गेले.

मी धारणीहून पोचलो तेव्हा आई चार लोकांत ताईला म्हणत होती, "इतकी घंटी जाऊन राहिली होती. उचलाले काय झालं होतं तुले?" तेव्हा मी खोदणाऱ्यांचं नाव पुढे केलं. आईचा विश्वास बसला नाही. तिनं स्वतःच्या कानांनी घंटी ऐकली होती. मेल्या जोडीवरही घंटी जाते, हे तिला समजावणारा घरात मी एकटाच होतो. पण त्या विषयात तोंड उघडलं तर पुढचंही निघेल, म्हणून गप्प बसलो. आई वारेपर्यंत गप्पच बसलो.

आता मी अकोल्यात मुलाकडे असतो. गेल्या महिन्यात ताईकडे गेलो. तिच्या मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही. पुण्याच्या नातीशी बोलायला तिला समोरच्या खोलीत, भाच्याच्या टीव्हीच्या आवाजात उभं राहावं लागे. आमच्याकडचा जुना राउटर मी पिशवीत घालून नेला होता.

"तुले जमते का हे?" ताई.

"जिंदगीभर तेच केलं ना मी."

"तवा तारा होत्या. याले तारच नाही."

टाचणीनं बटण दाबून राउटर कोरा केला. मोबाइलवरून त्याच्या सेटिंगच्या पानावर गेलो, घरातलं चालू वायफाय शोधून निवडलं, पासवर्ड टाकला. हिरवा दिवा लागला. हातात रिसीव्हर धरून जोडी जिवंत सापडल्यावर व्हायचा तसाच आनंद झाला. एवढ्यात समोरच्या खोलीतलं इंटरनेट गेलं. चूक माझी होती. घरातल्या प्रत्येक मोबाइल-टीव्हीला राउटर नेटवरचा एकेक पत्ता देतो; मी आणलेल्या राउटरचं हे पत्ते वाटण्याचं काम बंद करायचं मी विसरलो. दोन्ही राउटर एकाच घरात पत्ते वाटू लागले आणि घोळ झाला.

भाचा बाहेरून ओरडला, "मामा, गेलं नेट! कोपऱ्यावर नाल्या खोदून राहिले ना, तोडली असन केबल."

"खोदनाऱ्याइचं काय सांगतं मले," ताई म्हणाली. "माह्या बापाचं जितं तोंड पाहू देलं नाही त्याइनं."

मी म्हणालो, "ताई, नेट माझ्यामुळं गेलं. अन् तेव्हाचा फोनही."

मग सगळं सांगितलं, व्यापारी, जोडी, धारणी. भाचा दारात येऊन उभा राहिला होता. मग ताईनं विचारलं,

"आईले सांगतलं होतं?"

"नाही."

"बाबा तं गेलेच असते रे. पन आई त्यानंतर माह्या घरी एक रात्र राहाले आली नाही. काहून येत नाही म्हनून मी तिच्या पाया पडली. तू तिथंच बसला होता."

मी बसलो होतो, हे खरं आहे.

"आता काय करू?"

"अकोल्यात सगळ्याइले सांग. मी नाही सांगनार, तू सांग. तोंडानं जमत नसन तं लिही. अन् त्यात रडू नको."

मी पत्ते वाटणं बंद केलं, राउटर पुन्हा सुरू केला. नेट आलं. मागच्या खोलीत नातीचं तोंड स्वच्छ दिसू लागलं. ताई तिच्याशी बोलत बसली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

काल धाकट्या भावाला हे वाचून दाखवलं. तो चष्मा पुसू लागला. मग म्हणाला, "दादा, आईचं ऐकून मीबी ताईशी तसाच वागलो. पोरीच्या लग्नात तिले पुढं बोलावलं नाही." सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं अमरावतीला निघतो आहोत. ताईला कळवलं आहे. ती "या" म्हणाली.