रुपजीने लावलेला पडदा

गाडीच्या दारातलं प्लास्टिक सोलून काढून त्यावर चिकूच्या चकत्या वाळत घालणारी बाई अख्ख्या डहाणू तालुक्यात एकच झाली, आणि ती मी. वय वर्षं अठ्ठावन्न, म्हणजे तशी अल्लडच. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटते. पण कवळी माझीच पडेल, म्हणून हात आवरून लिहायला बसले आहे.

लिहायचं आहे ते रुपजीबद्दल. तलासरीला हायवेलगत एका शेठचं गॅरेज होतं, तिथे हा वेवजी गावचा रुपजी फक्त दारांचं काम करायचा. काच अडकली, कडी लागेना, आत पाणी आलं, की माणसं त्याच्याकडे यायची. आमच्याकडची खारी हवा गाड्यांची दारं आतून खाते. घरच्या तीन गाड्यांपैकी माझ्या गाडीची, माझ्याच बाजूची काच अडकली, तर डहाणूतले मेकॅनिक म्हणाले, काचेचं सगळं मशीनच बदला. कोणीतरी रुपजीचं नाव सांगितलं. गाडी चालवायला नुकतीच शिकलेली मी, एकटी तलासरीपर्यंत गेले आणि स्वतःवर भलतीच खूश होऊन उतरले.

रुपजी सडपातळ, काळासावळा, चाळिशीचा. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तो बघतच नसे, दाराकडे बघे. मी शेजारी स्टूल ओढून बसले आणि सूचना सुरू केल्या. हा स्क्रू आधी काढ, ते हँडल जपून, प्लास्टिक फाडू नकोस. त्याने पाच मिनिटं ऐकून घेतलं. मग हातातला स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला.

"घ्या बाय. तुमी करा, मी स्टुलावर बसतो."

शेठ आतून ओरडला, "ए रुपजी! बेन साथे सरखी वात कर!" नीट बोल म्हणून दटावणी होती ती. रुपजीवर त्याचा ढिम्म परिणाम झाला नाही. जीभ अशी तिखट, की माणूस दुरुस्त होऊन जायचा, गाडी नंतर. एकाने दुसरीकडे स्पीकर बसवून घेताना आतलं प्लास्टिक फाडून घेतलं होतं. त्याला रुपजी भर गॅरेजात म्हणाला, "पोट फाडलं, टाका नाय घातला, आता रडतो कशाला?" तो माणूस चांगला हेडमास्तर होता.

पण काम बघावं. दाराचं आतलं पॅड काढलं की मागे पत्र्यावर ते पातळ प्लास्टिक काळ्या चिकट डिंकाने डकवलेलं असतं. बाकीचे ते ब्लेडने टरटर कापतात. रुपजीकडे स्वतः तासलेली बांबूची चपटी कामटी होती. ती तो डिंकाखाली सरकवायचा आणि पोळी तव्यावरून सुटावी तसं प्लास्टिक अख्खं सोडवायचा. त्याला तो पडदा म्हणे. काम झाल्यावर तोच पडदा, तोच डिंक, अंगठ्याने बोटबोटभर दाबत परत लावी. खालची कड मात्र तो डकवत नसे, दाराच्या पोटात खोचून ठेवी. मग बाहेरून काचेवर मगभर पाणी ओतायचा आणि उकिडवा बसून बॅटरीच्या उजेडात बघत राहायचा. पाणी काचेशेजारून आत यायचं, पडद्यावरून घरंगळायचं आणि दाराच्या तळच्या भोकांतून जमिनीवर पडायचं.

"पानी येनारच," तो म्हणाला. "पाहुना दारात येनारच, बाय. घरात कशाला घ्यायचा?"

हे एवढं स्वच्छ सांगितलेलं मी ऐकलं, मान डोलावली आणि घरी येईपर्यंत विसरले. लक्षात राहिलं ते एवढंच, की पॅड काढणं सोपं असतं.

पुढे वैशाखात चिकूच्या चकत्या वाळवायला काढल्या. आमच्याकडे समुद्राचं वारं असं, की गच्चीवर काहीही अंथरा, शेजारच्या वाडीत जाऊन पडतं. मला एकदम ते प्लास्टिक आठवलं, आणि त्याच्या कडेचा तो डिंक! नव्या सोफ्याचं प्लास्टिक वर्षानुवर्षं न काढणाऱ्या बायकांना मी हसत असे. आपल्या गाडीच्या दारातही कंपनीचं पॅकिंग राहून गेलंय आणि तो रुपजी ते पुन्हा चिकटवून बसला, असं मी ठरवूनच टाकलं. स्क्रूड्रायव्हर आणि उलथणं घेतलं, पुढची दोन्ही दारं उघडली, दोन्ही पडदे ओढून काढले. धुतले, गच्चीवर दाबून बसवले. एक चकती उडाली नाही. हँडलच्या भोकांभोवती तर मी चकत्यांची फुलं मांडली होती. आल्यागेल्याला दाखवत होते. फक्त प्लास्टिक कुठून आणलं ते सांगितलं नाही. हुशार बाई आपली युक्ती सांगत नाही.

मृगात पाणी आलं. गाडी चालवत होते मी, शेजारी आमचे हे, एका लग्नाला निघालेले. वळणावर यांच्या पायाशी डुचूक असा आवाज झाला. नवे बूट, नवे मोजे, घोट्यापर्यंत पाणी. माझ्याही बाजूला तेच. "काय केलंस गाडीचं?" हे ओरडले. मी म्हटलं, मी काय करणार? त्या तलासरीच्या माणसाने दार उघडलं होतं. आणि खरं सांगते, त्या घटकेला मला तसंच वाटत होतं. मूर्खपणा अजून पापापर्यंत पोचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गॅरेजात. चारपाच गिऱ्हाइकं उभी. मी आवाज चढवला, शेठ धावत आला, रुपजीला बोलावलं.

"पडदा मी अंगठ्यानं दाबून लावला होता," रुपजी म्हणाला. त्याने माझ्या बाजूचं पॅड काढलं. मागे उघडा पत्रा. त्याने पलीकडे जाऊन दुसरं दार उघडलं. तिथेही तेच.

"पडदे गेले कुठं?" त्याने विचारलं.

त्या क्षणी मला सगळं कळलं. दोन्ही पडदे आमच्या कोठीत घडी घालून ठेवले होते. नुसतं हसून सांगायचं होतं. पण शेजारी हे उभे होते, भिजलेल्या बुटांचा राग घेऊन. जन्मभर जेवणाच्या पंगतीत ही गोष्ट निघाली असती. मी म्हणाले, "मला काय विचारतोस? विकले असशील."

"ह्या दुसऱ्या दाराला मी हात पन नाय लावला, बाय. तुमी स्टुलावर बसूनच होता की."

"माझी पाठ फिरली असेल तेव्हा लावलास."

कोणी हसलं नाही. शेठने माझ्याकडे बघितलं, मग रुपजीकडे. "चाल, नीकळ," तो म्हणाला. "काल थी आवतो नही." उद्यापासून येऊ नकोस. रुपजीने कामटी फडक्याला पुसली, कमरेला खोचली आणि हायवेच्या कडेने चालू लागला. परतताना मी यांना म्हटलं, "बघितलंत? अशी असतात ही माणसं." हे 'हं' म्हणाले. मला फार बरं वाटलं.

आता इथे, पश्चात्तापाने मला झोप येईना, असं लिहिलं तर तुम्हाला मी आवडेन. पण खरं कारण वेगळं होतं. शेठच्या नव्या माणसाने दारांत कसलंतरी प्लास्टिक टेपने चिकटवलं, ते आठवड्यात सुटलं आणि पायाशी पुन्हा तळं झालं. गाडीला वास मारू लागला. ते काम येणारा माणूस मला एकच माहीत होता. म्हणून दोन्ही पडदे गुंडाळून मागच्या सीटवर टाकले आणि वेवजी गाठली.

रुपजी नुकताच घरी आला होता. गॅरेज सुटल्यापासून तो वाड्यांमध्ये चिकू उतरवायला जात होता. हातांना चीक लागून काळे डाग पडले होते. मी पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं. त्याने गुंडाळी हातात घेतली, उलगडली, नाकाशी नेली.

"चिकू," तो म्हणाला.

मी मान खाली घातली. त्याची बायको दारातून बघत होती. ती म्हणाली, "हीच का ती?" रुपजी म्हणाला, "हीच." बस, एवढाच माझा सत्कार.

मग तो कामाला लागला. का लागला, मला अजून माहीत नाही. माझ्यासाठी नक्कीच नाही. पडद्यांकडे तो जसा बघत होता, तसा त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. कडेच्या डिंकात मुंग्या चिकटल्या होत्या. त्या त्याने एकेक खुडून काढल्या, डिंक चुलीच्या धगीला धरून मऊ केला, बोटांनी मळला. मी स्टूल शोधत होते की काय कोण जाणे, पुढे सरकले, तर म्हणाला, "लांब उभ्या राहा." उभी राहिले. दोन्ही दारं झाल्यावर बायकोने मगभर पाणी आणून दिलं. त्याने ते काचेवर ओतलं. सगळं पाणी तळाच्या भोकांतून त्याच्या अंगणात पडलं.

तो हात धुवायला लागला, तेव्हा मी धीर केला. म्हटलं, "रुपजी, चूक माझी होती. मी उद्या शेठकडे जाते, खरं काय ते त्याला सांगते. तो तुला परत कामावर घेईल."

रुपजीने हात झटकले आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

"शेठला तवाच समजलं होतं, बाय. मागनं पगार आनायला गेलो, तर मला बोलला, रुपजी, बाई खोटं बोलते ते मला दिसतं, पन तिच्या घरी तीन गाड्या हायेत आनि तुज्या घरी सायकल पन नाय."