सात खुणांचा गोटा

गोमाभाऊ गेले, हे त्यांच्या लेकीनं, कमलनं, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "राहिलंच." काय राहिलं, हे तिनं विचारलं नाही. तिला ठाऊक होतं... त्याला आता दीड महिना झाला.

आमच्या गावाच्या मधोमध बाग आहे आणि बागेच्या मधोमध पुरुषभर उंचीचा दगडी खांब. त्यावर आडव्या सात खुणा. गोमाभाऊ तिथले चौकीदार, तलावात मासे धरणाऱ्या घरातले. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. खांब कुण्या विसरलेल्या वीराचं स्मारक, असं सगळेच मानत. झेंडावंदनाला त्याला हार पडे. वीर कोण, या कुतूहलापायी मी ब्रह्मपुरीपासून मार्कंड्यापर्यंतच्या म्हाताऱ्यांची डोकी खाल्ली. हाती काही लागेना, तेव्हा सात खुणा म्हणजे सात लढाया, असं ठोकून दिलं. गावच्या पुस्तिकेत ते छापूनही आलं.

पुस्तिका गोमाभाऊंना नेऊन दिली. त्यांनी कमलकडून ती वाचून घेतली. मग म्हणाले, "सर, हा पानी मोजाचा गोटा हाये. बाग हाये तिथी तलाव होता. पाचव्या खुणेवर पानी आलं का माहा आजा तलावाची मोरी उघडून धानाले पानी सोडे."

 इतकी वर्षं सांगितलं का नाही, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"तुम्ही कोनाचा हाये, तेच इचारत होते. कायचा हाये, हे कोनी इचारलंच नाई."

त्यांना एकच हवं होतं, आपल्या डोळ्यांदेखत तलावाची गोष्ट छापून यावी. पुढच्या लेखात दुरुस्ती करतो म्हणालो आणि दोन वर्षं चालढकल केली. आपलंच छापलेलं खोटं म्हणायची लाज वाटत होती, दुसरं काही नाही. लेख आला का, असं ते भेटले की विचारत. मी विषय बदलत असे. त्याचं आता फार वाईट वाटतं.

परवा बागेत गेलो. खांबाला नवा रंग दिलेला, खुणा पार बुजलेल्या. कमल खिळ्यानं एकेक खूण मोकळी करत होती. दरवर्षी रंग झाला की बाबाच हे करायचे, म्हणाली. मी खिळा मागायला हात पुढे केला.

"राहू द्या काका. हे मी करून राह्यली. तुम्ही लिवा."

तर... बागेतला खांब कुण्या वीराचा नाही. तिथे तलाव होता आणि गोमाभाऊंचे आजोबा त्याचं पाणी मोजत. सात लढाया माझ्या मनच्या.