तिसऱ्या खुर्चीतले साडू

माझ्या साडूंइतका रागावलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत सापडणार नाही, आणि इतक्या हक्काने रागावलेला तर नाहीच. ते विमानात फ्लाइट इंजिनियर होते. दोन वैमानिकांच्या मागे तिसरी खुर्ची असायची, ती त्यांची; तिथून इंजिनांच्या काट्यांवर नजर ठेवायची. पुढे नवी विमानं आली, तिसरी खुर्ची गेली आणि ऐन पंचेचाळिशीत साडू आंब्याच्या बागेत येऊन बसले. तेव्हापासून कुठेही माणूस कमी झाला की हे पेटतात. विनावाहक एसटी दिसली की मागे फिरतात. चिपळूणच्या साखरपुड्याला आम्ही वेळेवर पोचलो. हे कंडक्टरवाल्या गाडीची वाट बघत राहिले आणि जेवणं उरकल्यावर उगवले. आंबे उतरवताना झाडावर एक, खाली एक आणि तिसरा नुसता बघायला लागतोच. तिसरे अर्थात हेच. गडी तोंड फिरवून हसतात.

गेल्या वर्षी त्यांचा पुतण्या आला. तो सहवैमानिक. आता दोनऐवजी एकच वैमानिक ठेवायची चर्चा सुरू आहे, तिच्याविरुद्ध वैमानिकांची संघटना पुस्तिका काढतेय, तर काकांनी एखादा अनुभव लिहून द्यावा, असं त्याचं म्हणणं.

"आमची खुर्ची काढली तेव्हा तुम्ही वैमानिक दोघं पुढे बघत बसलात," साडू म्हणाले.

"काका, मी तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हतो."

साडूंनी कागद मागवले. मग तीन दिवस बसून त्यांनी लिहिलं. धुक्यात दोन्ही वैमानिक धावपट्टी शोधत होते, तेव्हा एका इंजिनाच्या तेलाचा दाब उतरतोय हे मागच्या खुर्चीतून यांनी पाहिलं, सांगितलं, आणि विमान सुखरूप उतरलं.

पुस्तिका आली. त्यात छापलं होतं, 'दोघांपैकी एका वैमानिकाच्या लक्षात आलं.' पुतण्याने फोनवर खुलासा केला, की मुद्दा दोघांचा आहे, तिसरा आणला तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. साडू "बरोबर आहे" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"माणूस कसा कमी करतात बघितलंत? आधी त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर लावतात."

पुस्तिका ते फाडतील असं मला वाटलं होतं. पण शेवटच्या पानावर कॉकपिटमध्ये बसलेल्या पुतण्याचा फोटो होता. चष्मा पुसून साडू तो बराच वेळ बघत राहिले.

"चांगला दिसतोय मेला," ते हळूच म्हणाले. "ह्याची तरी खुर्ची राहू दे."