पाटावरचा टॅब

चांदवडच्या पुढे हायवे सोडून डोंगराकडे वळलं की एका वाडीवर झेडपीची दोन खोल्यांची शाळा लागते. तिथले गोरक्ष आहेर सर भांडखोर म्हणून तालुकाभर नावाजलेले. मीटर बघायला आलेल्या वायरमनशी भांडायचे, पोरांना शेतात जुंपणाऱ्या बापांशी भांडायचे, आणि कुणीच सापडलं नाही तर शाळेच्या गंजक्या कुलपाशी भांडायचे. शाळांना टॅब मिळाले तेव्हा आसपासच्या गुरुजींनी ते शालूसारखे कपाटात जपून ठेवले. साहेब आले की काढायचे, पुसायचे, आणि साहेबांच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत परत कपाटात. आहेर सरांनी पहिल्याच दिवशी खोकी उघडली आणि टॅब पोरांच्या हातात दिले. ‘‘फुटला तर माझ्या नावावर फुटू द्या,’’ म्हणाले.

त्यातला एक टॅब त्यांनी तेजलसाठी राखून ठेवला. तेजल तेव्हा तिसरीत होती आणि जन्मापासून मुकी होती. ऐकू सगळं यायचं, कळायचं तर वयाच्या मानाने जरा जास्तच, पण तोंडातून शब्द फुटत नसे. बाप वारलेला. आई मैना लोकांचे टोमॅटो खुडायला जायची आणि मायलेकी मळ्यातल्याच एका खोपटात राहायच्या. पडद्यावरच्या चित्राला बोट लावलं की टॅब बोलतो, हे सरांनी एका प्रशिक्षणात पाहिलं. प्रशिक्षणात ते सहसा डुलक्या काढत, त्या दिवशी नशिबानं जागे होते. मग त्यांनी अख्खी दिवाळीची सुट्टी त्यात घातली. मैनाचा फोटो, माठाचा, भाकरीचा, शाळेचा, स्वतःचा, कुत्र्याचा, विंचवाचा, सापाचा. पोटात दुखतं, थंडी वाजते, भीती वाटते, यांची चित्रं तर त्यांनी स्वतः काढली आणि ती बघून वर्गातली पोरं पोट धरधरून हसली.

आवाज कुणाचा घालायचा हा प्रश्न होता. मुली लाजल्या. शेवटी सरांनीच शब्द भरले. त्यांचा आवाज म्हणजे फुटका डबा. तेव्हा ही एवढीशी पोरगी बोट लावायची आणि पन्नाशीच्या बाप्याच्या घोगऱ्या आवाजात ‘मला भूक लागली’ असं ऐकू यायचं. सगळ्यांत जास्त हसायची ती तेजलच. पहिल्या दिवशी तिनं दोन चित्रांना लागोपाठ बोट लावलं. ‘सर. कुत्रं.’ वर्ग फिदीफिदी हसायला लागला. सरांचे कान तापले. मग त्यांनी मागं वळून पाहिलं, तर दारात खरंच कुत्रं उभं होतं, त्यांच्या डब्यापासून हातभर अंतरावर. सरांना एकदम रडू आलं. सगळ्या नोकरीत कुठल्याही पोराच्या वाक्यानं त्यांना एवढा आनंद दिला नव्हता.

तेव्हापासून वाडीतले लोक म्हणायचे, सरांनी मुकीला वाचा दिली. मळ्यातल्या खोपटात वीज नव्हती, म्हणून टॅब रात्री शाळेतच चार्जिंगला राहायचा. सकाळी सर कुलूप उघडायला यायचे तेव्हा तेजल पायरीवर बसलेलीच असायची.

खंडेनवमी आली. त्या दिवशी वाडीत ट्रॅक्टर, फवारणीचे पंप, वजनकाटे, विळे-कुऱ्हाडी सगळं धुऊन पुजतात. आणि पुजलेलं अवजार त्या दिवशी कामाला लावत नाहीत, ते दसरा उजाडल्यावरच उचलायचं. शाळा समितीचे अध्यक्ष सावळीराम म्हणाले, ‘‘सर, औंदा तुमचे टॅबबी मांडा पूजेत. त्येबी अवजारच हाय ना.’’ एरवी सरांनी यावरही भांडण काढलं असतं. पण या वेळी त्यांना ते मनापासून पटलं. ज्यानं लेकराला बोलतं केलं त्याच्यापुढं हात जोडायचे नाहीत तर कशापुढं? त्यांनी टॅब बंद केले, पुसून पाटावर मांडले, मध्ये पाटीवर सरस्वती काढली आणि भोवती मुलींनी रांगोळी घातली. तेजलच्या टॅबला त्यांनी झेंडूचा वेगळा हार घातला. लाडका होता तो.

तेजल त्या दिवशी उशिरा आली. केस विंचरलेले नाहीत, एका पायात चप्पल. ती थेट पाटाशी गेली आणि तिनं टॅबवर हात टाकला. सरांनी तो हात हळूच बाजूला केला. ‘‘आज नाही बाळा. आज त्याला विश्रांती. उद्या सोनं द्यायला ये आणि दिवसभर बोल.’’ तिनं त्यांचा सदरा ओढला. स्वतःच्या पोटावर हात ठेवला. सरांना वाटलं, भूक लागली असेल, आई पहाटेच खुडणीला गेलेली असते. त्यांनी तिला प्रसादातला पेढा दिला. तिनं तो फेकून दिला.

‘‘तेजल!’’

ती खाली बसली आणि तिनं रांगोळीतून बोटानं एक लांब, वेडीवाकडी रेघ ओढली. पार एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मुली ओरडल्या. सावळीराम म्हणाले, ‘‘लय लाडावून ठेवली सर तुम्ही हिला.’’ आणि सर चिडले. इतकी माणसं जमलेली, पूजा मांडलेली, आणि हिचा हा हट्ट. त्यांनी तिचा दंड धरला, भिंतीशी नेऊन बसवलं आणि बोट नाचवत म्हणाले, ‘‘इथून हलायचं नाही. एक दिवस गप्प बसता येत नाही का तुला?’’

मुक्या पोरीला ते असं म्हणाले. आपण काय बोललो हे त्या वेळी त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आरती झाली. प्रसाद वाटला. तेजल भिंतीला टेकून बसली होती, मग कलंडली. रुसून झोपली, असंच सगळ्यांना वाटलं. शेवटी तिच्याशेजारी बसणारी वेदिका तिला प्रसाद द्यायला गेली आणि परत आली. ‘‘सर, तेजल डोळे उघडत नाय. ती जागी हाय, पण डोळे उघडत नाय.’’

सरांनी तिला उचललं तेव्हा मान मागं लोंबली. सावळीरामांची पिकअप बाहेर उभी होती, तीही सकाळीच पुजलेली, हार घातलेली, चाकाखाली लिंबू ठेवलेलं. सावळीरामांनी एका हिसक्यात हार तोडून फेकला आणि चावी फिरवली. त्यांनी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. सर शेजारी लेकराला मांडीवर घेऊन बसले होते आणि तुटलेल्या हाराची फुलं वाऱ्यानं काचेवरून घरंगळत होती. गाडी पूजेतून निघू शकते. मग टॅब का नाही निघाला? हा प्रश्न तिथं त्यांच्या छातीत बसला.

चांदवडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पापण्या वर करून पाहिल्या. अंगावर कुठे खूण सापडेना. ‘‘फवारलेलं काही खाल्लं का? की काही चावलं? औषध वेगवेगळं असतं, मला नक्की कळलं पाहिजे. ही सांगू शकेल का?’’

‘‘सांगेल,’’ सर म्हणाले. ‘‘आलोच मी.’’

समोर जो मोटारसायकलवाला दिसला त्याची गाडी त्यांनी हिसकावूनच घेतली म्हणा. शाळेचं कुलूप उघडताना चावी दोनदा खाली पडली. त्यांनी पाटावरून टॅब ओढला, समई कलंडली, तेल रांगोळीत पसरलं. आणि तिथं, अर्धवट पुसलेल्या रांगोळीत, त्यांना ती वेडीवाकडी रेघ दिसली. एका टोकाला तिनं बोटानं गोल डोकं काढलं होतं. सकाळी त्यांनी ते पाहिलंच नव्हतं.

ते परत आले तेव्हा तेजलला श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला होता. टॅबवर कुंकू सांडलं होतं, ते सरांनी सदऱ्यानं पुसलं. डॉक्टरांनी तिच्या पापण्या बोटांनी वर धरल्या, सरांनी तिचा हात धरून पडद्याजवळ नेला. बोट तिचं तिनंच हलवलं. फार हळू.

‘साप,’ टॅब म्हणाला, सरांच्या आवाजात.

डॉक्टर लगेच नर्सला हाका मारायला लागले. बोट अजून सरकत होतं.

‘शाळा,’ टॅब म्हणाला. ‘सर.’

‘‘साप शाळेत चावला?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘नाही,’’ सर म्हणाले. ‘‘घरी चावला असणार, अंथरुणात. ती शाळेत सांगायला आली होती. मला.’’

इंजेक्शनं सुरू झाली. पुढं नाशिक, अॅम्ब्युलन्स, सायरन, हायवेवरचे ट्रक. नाशिकला पोहोचेपर्यंत ते बोटही हलायचं थांबलं होतं. डॉक्टरांनी नळी घालून तिला श्वासाच्या मशीनला जोडलं. मण्यार असावी म्हणाले. मण्यारीच्या दंशाची खूण दिसत नाही, आधी पोटात दुखतं आणि मग अंगातलं सगळं बळ जातं. लवकर आली असती तर, एवढं बोलून ते थांबले. पुढचं सरांना ऐकायची गरज नव्हती.

मैना आली ती मळ्यातल्या मातीच्या पायांनीच. टोमॅटोच्या पानांनी हात काळे-हिरवे झालेले. तिनं काचेतून लेकीला पाहिलं आणि सरांपाशी येऊन भिंतीला टेकली.

‘‘सर, मी कामावर गेल्यावर चावला का वो?’’

‘‘त्यानंतरच असणार.’’

‘‘मग माझ्यामागं खुडणीवर नाय आली. शाळेपरीस खुडणी जवळ होती.’’ तिनं पदर तोंडाशी धरला. ‘‘तुमच्यापाशी आली. म्हणली असंल, सरला कळंल.’’

सरांना वाटलं, बाईनं आपल्याला मारावं. चार लोकांत कानाखाली वाजवावी. ती फक्त रडत राहिली आणि त्यांना ‘तुम्ही बसा ना सर’ म्हणाली, हे तर अगदीच सहन होईना. त्यांनी तिला सगळं सांगितलं. सदरा ओढला ते, रांगोळी मोडली ते, भिंतीशी बसवलं ते, आणि आपण काय बोललो तेही. मैना ऐकत होती. सांगून झाल्यावर ती काचेपाशी जाऊन उभी राहिली, सरांकडे पाठ करून.

नर्सनं दोघांना थोडा वेळ आत सोडलं. ‘‘तिला ऐकू येतं बरं का,’’ ती म्हणाली. ‘‘शुद्ध असते अशा पेशंटला. फक्त हलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत. बोला तिच्याशी.’’

मैना लेकीच्या कानाशी वाकली. सर टॅब छातीशी धरून पायथ्याशी उभे राहिले. आता तिचं बोटसुद्धा गेलं होतं. ती आत जागी होती, सगळं ऐकत होती, आणि सकाळी भिंतीशी बसवलं तेव्हाइतकीसुद्धा हालचाल आता तिला करता येत नव्हती.

त्यांनी टॅब उघडला. भूक, पाणी, भाकरी, आई, थंडी, भीती. केवढा अभिमान होता त्यांना या चित्रांचा! आता सर त्यात एक चित्र शोधत होते आणि ते चित्र नव्हतं. पोरीला काय काय लागेल याचा त्यांनी एवढा विचार केला, पण समोरचा माणूसच ऐकत नसेल तर तिनं कुठल्या चित्राला बोट लावायचं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. कारण समोर ते स्वतः असणार होते.

पहिल्या ओळीत पाण्याचं चित्र होतं. ते त्यांनी खाली सरकवलं. रिकाम्या जागी बोटानं एक कान काढला, नेहमीसारखाच वेडावाकडा. मग तोंड टॅबजवळ नेऊन हळू आवाजात बोलले. आवाज मध्येच फुटला, तरी त्यांनी तो तसाच ठेवला.

ते उशाशी गेले. तेजलचं थंड बोट उचलून त्या चित्रावर टेकवलं.

‘सर, माझं ऐका,’ टॅब म्हणाला.

‘‘ऐकतोय बाळा,’’ सर म्हणाले. ‘‘सांग.’’

बोट सोडल्याबरोबर चादरीवर पडलं. मशीन श्वास घेत राहिलं. सरांनी बोट पुन्हा उचललं.