मावशीच्या तीन फेऱ्या

माझी मावशी शिंप्याच्या दुकानात कापड कापायला होती, आणि डावखुरी होती. गप्प बसणं तिला मुळीच जमत नसे. एका गोष्टीबद्दल मात्र ती अकरा वर्षं गप्प होती. गिऱ्हाइकाचा भारी कापडाचा कोट तिनं आखूड कापला आणि मास्तरांसमोर नाव घेतलं धाकट्या बहिणीचं, म्हणजे माझ्या आईचं. आईचं तिथलं काम सुटलं. तेव्हापासून दोघी बहिणी कामापुरतंच बोलत. मावशी दर रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून देवाची माफी मागे आणि जड मनानंच घरी येई.

मास्तर यहुदी. दरवर्षी त्यांच्या मोठ्या उपवासाआधी ते दुकानातल्या एकेकापाशी जाऊन म्हणत, "वर्षभरात माझं काही लागलं असेल तर माफ कर." त्या वर्षी ते इस्त्रीवरून मावशीवर खेकसले होते.

"अहो मास्तर, देवाकडे मागा की! मी कोण?"

"देवाचं देवाकडे. खेकसलो तुझ्यावर, मग त्याची माफी देव कशी देईल? समोरचा नाही म्हणाला तर तीनदा जायचं, असं आहे आमच्यात."

मावशीची कात्री थांबली. आधी भावाबहिणीशी समेट, मग देवापुढे अर्पण, हे ती लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आली होती. ऐकून मान डोलावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती आमच्या दारात आली. आई म्हणाली, "मला वेळ नाही." दुसऱ्या दिवशी केक घेऊन आली, तासभर गुडघेदुखीवर बोलली आणि निघून गेली. केक मी संपवला. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "कोट मी कापला होता. नाव तुझं घेतलं. माफ कर मला."

आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "माहीत आहे. कापलेली कड बघितली होती मी. दुकानात डावखुरी तू एकटीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले, ताई."

दोघी पोटभर रडल्या, मग नाक पुसत हसायला लागल्या. मला तर इतकं सुटल्यासारखं वाटलं की मीही उगाचच हसलो.

दुसऱ्या दिवशी मावशीनं मास्तरांनाही सगळं सांगितलं. हातातलं काम टाकून ते तडक आमच्याकडे आले.

"अकरा वर्षं सगळ्यांची माफी मागत फिरलो," ते म्हणाले, "आणि यायला हवं होतं त्या दारात आलोच नाही. आज नाही म्हणालीस तरी पुन्हा येईन."

आईनं खुर्ची पुढे ओढली. "बसा मास्तर. फेऱ्या ताईनं मारल्यात. तुम्हाला एकच पुरे."